मासा मोठा, कारण तो म्हातारा

कॅनडाच्या वायव्य प्रदेशात ग्रेट बेअर नावाचे सरोवर आहे. १९९५ च्या ऑगस्टमध्ये तिथे ७२ पौंडांचा, म्हणजे साधारण साडेबत्तीस किलोंचा लेक ट्राउट गळाला लागला आणि इंटरनॅशनल गेम फिश असोसिएशनच्या विक्रमांत जाऊन बसला. याच सरोवराला मिळणाऱ्या कात्सेयेडी नदीत १९६७ मध्ये आर्क्टिक ग्रेलिंग या माशाचा जागतिक विक्रम झाला होता: ५ पौंड १५ औंस. सरोवराच्या पूर्वेला, पार आर्क्टिक किनाऱ्याकडे वाहणाऱ्या ट्री नदीत १९८१ मध्ये आर्क्टिक चार या माशाचा विक्रम झाला: ३२ पौंड ९ औंस. तीन जातींचे तीन विक्रम, आणि तिन्ही पृथ्वीच्या एकाच निर्जन कोपऱ्यात.

हौशी मच्छीमारांना या कोपऱ्याचे वेड लागले नसते तरच नवल. पण या विक्रमांत एक कोडे आहे. वर्षातला बराचसा काळ इथले पाणी बर्फाखाली असते. पाण्यात क्षार कमी, शेवाळ कमी, कीटक कमी. जिथे खायला इतके थोडे, तिथला मासा जगात सर्वांत मोठा कसा? उत्तर असे, की तिथले पाणी मासा लवकर वाढू देत नाही, पण त्याला लवकर मरूही देत नाही. गळाला लागलेला मोठा मासा हा भरपूर खाल्लेला नसतो, भरपूर जगलेला असतो. तिथल्या मासेमारीचे नियम आणि तिथले वाद, दोन्ही या एका वाक्यातून निघतात.

थंड पाण्याचा संथ संसार

ग्रेट बेअरचे क्षेत्रफळ सुमारे ३१,००० चौरस किलोमीटर आहे. महाराष्ट्राच्या एक दशांश एवढे हे पाणी. संपूर्णपणे कॅनडाच्या हद्दीत असलेले हे सर्वांत मोठे सरोवर. त्याची कमाल खोली ४४६ मीटर आहे आणि आर्क्टिक वृत्ताची रेषा त्याच्या उत्तर भागातून जाते. एवढ्या मोठ्या किनाऱ्यावर कायम वस्तीचे गाव एकच: पश्चिम टोकाला, जिथून ग्रेट बेअर नदी सरोवरातून बाहेर पडून मॅकेंझी नदीकडे निघते तिथे वसलेले देलिने. गावाची लोकसंख्या काही शेकड्यांत मोजावी एवढी. इथले रहिवासी साहतू देने या आदिवासी समाजाचे आहेत.

हिमयुगाच्या अखेरीस बर्फाचे थर मागे सरकू लागले, तेव्हा वितळलेल्या पाण्याचा एक प्रचंड जलाशय या प्रदेशात पसरला होता. ग्रेट बेअर, ग्रेट स्लेव्ह आणि अथाबास्का ही आजची तीन सरोवरे म्हणजे त्याचे उरलेले तुकडे. सरोवराच्या पूर्वेकडचा खडक फार प्राचीन आणि कठीण आहे, त्यातून पाण्यात उतरणारी पोषकद्रव्ये अत्यल्प. त्यामुळे पाणी काचेसारखे स्वच्छ. पर्यटकाला ही स्वच्छता भुरळ घालते, पण माशाच्या दृष्टीने स्वच्छ पाणी म्हणजे रिकामे ताट. बर्फ पुरते हटायला जुलै उजाडतो आणि नोव्हेंबर-डिसेंबरात पुन्हा गोठायला सुरुवात होते. उन्हाळ्यातही सरोवराच्या मधल्या भागातले पाणी जेमतेम चार-पाच अंश सेल्सिअसच्या आसपास राहते.

माशाचे रक्त पाण्याच्या तापमानाइतकेच थंड. पाणी गार, म्हणून पचन मंद, वाढ मंद आणि शरीराची झीजही मंद. आपल्याकडच्या तळ्यात सोडलेली रोहू-कटल्याची बोटुकली चांगले खाद्य मिळाले तर वर्षभरात किलोभर होतात. ग्रेट बेअरमधल्या लेक ट्राउटला अंडी घालण्याजोगे व्हायलाच दहा-पंधरा वर्षे किंवा त्याहून जास्त लागतात. त्यानंतरही मादी दरवर्षी अंडी घालत नाही. एका विणीला लागणारी चरबी साठवायला एक उन्हाळा पुरत नाही, म्हणून मधे एक-दोन वर्षे कोरडी जातात. पन्नाशी ओलांडलेले मासे इथे सापडले आहेत.

हे वय कळते कसे? माशाच्या डोक्यात, तोल सांभाळणाऱ्या अवयवात, चुन्याचे बारीक खडे असतात. त्यांना ओटोलिथ म्हणतात. खडा कापून सूक्ष्मदर्शकाखाली धरला, की झाडाच्या खोडासारखी वर्षागणिक वलये दिसतात. पूर्वी हे वय खवल्यांवरच्या रेषांवरून काढत. पण म्हातारपणी माशाची वाढ जवळजवळ थांबते, तेव्हा खवल्यांवर नव्या रेषा स्पष्ट उमटत नाहीत, आणि म्हातारे मासे कागदावर तरुण ठरत. ओटोलिथ वाचायला लागल्यावर उत्तरेकडच्या माशांचे वय एकदम वाढले, आणि त्यांच्याबद्दलची काळजीही.

लेक ट्राउट नावाने ट्राउट असला तरी शास्त्रीय वर्गीकरणात तो आर्क्टिक चारच्याच गटातला. ग्रेट बेअरमध्ये या एकाच जातीची रूपेही अनेक आहेत. कॅनडाच्या संशोधकांनी २०१३ च्या सुमारास उथळ पाण्यातल्या माशांचे चार प्रकार वेगळे दाखवले. डोक्याचा आकार, परांची लांबी, जबड्याची ठेवण यांत फरक, आणि खाण्याच्या सवयींतही. सरोवरात भक्ष्याच्या जाती थोड्या आणि स्पर्धक मासे थोडे, म्हणून एकाच जातीने वेगवेगळ्या जागा वाटून घेतल्या. त्यांतले काही मासे इतर मासे खाण्यावर भर देतात, आणि त्यात स्वतःच्याच जातीची पिल्लेही आली. अवाढव्य व्हायचे तर कोळंबीसारख्या बारीक जीवांवर भागत नाही, एका घासात पाव किलोचा मासा मिळावा लागतो.

विमान आले आणि गळ आला

साहतू देने इथे हजारो वर्षे मासे मारत आले आहेत. गळाने, जाळ्याने, बर्फाला भोके पाडून. इंग्रज शोधप्रवासी जॉन फ्रँकलिन १८२५ ते १८२७ च्या मोहिमेत याच सरोवराकाठी हिवाळ्याला थांबला, तेव्हा त्याच्या माणसांची मोठी भिस्त जाळ्यातल्या माशांवर होती. बर्फावरच्या मोटारगाड्या येईपर्यंत उत्तरेत मारल्या जाणाऱ्या माशांचा मोठा वाटा गाडी ओढणाऱ्या कुत्र्यांच्या पोटात जाई.

छंद म्हणून मासे धरणारा माणूस इथे आला तो विमानामुळे. सरोवराच्या पूर्व किनाऱ्यावर १९३० मध्ये पिचब्लेंडचा, म्हणजे रेडियम आणि युरेनियम देणाऱ्या खनिजाचा साठा सापडला आणि पोर्ट रेडियमची खाण सुरू झाली. त्यानंतर माणसे आणि सामान हवाई मार्गाने आणायची इथे सवय झाली. १९४७ मध्ये डी हॅविलंड कंपनीचे बीव्हर विमान प्रथम उडाले. चाकांऐवजी तरंडे लावले, की कुठल्याही शांत पाण्यावर उतरणारे हे दणकट विमान. धावपट्टी नको, रस्ता नको. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या दशकांत उत्तर कॅनडाभर मासेमारीचे लॉज उभे राहिले ते या विमानांच्या जोरावर.

लॉजचा हंगाम फार छोटा, जुलै ते ऑगस्टअखेर. सहा-आठ आठवड्यांत वर्षाची कमाई करायची. पाहुणा विनिपेग किंवा यलोनाइफहून येतो, आठवडाभर राहतो. रोज सकाळी एका वाटाड्याबरोबर अॅल्युमिनियमच्या उघड्या होडीतून दोघे पाहुणे निघतात. रात्री अकराला उजेड असतो, त्यामुळे थकवा हीच काय ती मर्यादा. वारा सुटला तर होडी कुठल्या तरी बेटाच्या आडोशाला लावून तासन्‌तास थांबावे लागते. एवढ्या मोठ्या सरोवरावर लाटा समुद्रासारख्या उठतात आणि बर्फाळ पाण्यात पडलेला माणूस फार वेळ हातपाय मारू शकत नाही.

आमिष बहुधा धातूचे असते. लांबट, किंचित वळवलेला पत्रा, ज्याला सगळे चमचाच म्हणतात. ओढला की तो डावी-उजवीकडे डोलतो आणि जखमी माशासारखा चमकतो. अमेरिकेतल्या व्हरमाँटच्या ज्युलिओ ब्यूएल याने अशा आमिषाचे पेटंट १८५२ मध्ये घेतले, आणि आकार त्यानंतर फारसा बदललेला नाही. होडी अगदी हळू चालवत मागे दोरी सोडायची आणि चमचा खोलवर ओढत न्यायचा, ही मुख्य पद्धत. दक्षिणेकडच्या सरोवरांत उन्हाळ्यात वरचे पाणी तापते आणि लेक ट्राउट गारव्यासाठी खोल तळाशी जातो. तिथे त्याला गाठायला जड वजने आणि खास यंत्रे लागतात. ग्रेट बेअरमध्ये वरचे पाणीही थंडच, त्यामुळे मोठा मासा भर उन्हाळ्यात चार-पाच मीटर खोलीवरही सापडतो. हौशी माणसाला हे वरदान वाटते. माशाच्या बाजूने पाहिले तर लपायला जागा कमी.

भांडवल आणि व्याज

सुरुवातीच्या वर्षांत पाहुणे मासे घरी नेत. कुणाला भिंतीवर टांगायला पेंढा भरलेला मासा हवा असे, कुणाला बर्फात भरलेली पेटी. पाणी कधीच कुणी उपसले नव्हते, त्यामुळे पहिल्या हंगामांत मासे विलक्षण सोपे मिळाले. इथेच फसगत झाली. ज्या पाण्यात कित्येक दशकांचे मासे साठून राहिलेले असतात, तिथे पहिल्या दिवशी दिसणारी विपुलता हे सरोवराचे उत्पन्न नसते, साठवण असते. वार्षिक वाढ म्हणजे व्याज, आणि ते अगदीच नगण्य.

किती नगण्य, याचा अंदाज एका आकड्यावरून येतो. लेक ट्राउटच्या सरोवरातून दर हेक्टरी वर्षाला सुमारे अर्ध्या किलोपेक्षा जास्त मासा काढू नये, असे कॅनडाचे मत्स्यशास्त्रज्ञ हीली यांनी १९७८ मध्ये मांडले. आपल्याकडच्या बऱ्या चाललेल्या मत्स्यतळ्यात हेक्टरी दोन-तीन टन निघतात. म्हणजे फरक काही हजार पटींचा. शिवाय हीलींचा आकडा सर्वसाधारण सरोवरांसाठी होता; आर्क्टिकच्या उंबरठ्यावरचे पाणी त्याहूनही गरीब.

शेजारच्या ग्रेट स्लेव्ह सरोवरात याचा प्रत्यय आला. तिथे १९४५ मध्ये व्यापारी मासेमारी सुरू झाली. व्हाइटफिश या माशासाठी लावलेल्या जाळ्यांत लेक ट्राउटही सापडू लागला, आणि तीन दशकांच्या आत तो पश्चिमेच्या विस्तीर्ण भागात विरळ झाला. अखेर १९७४ मध्ये सरोवराचा पूर्वेकडचा खोल फाटा व्यापारी जाळ्यांना बंद करावा लागला. ग्रेट बेअरमध्ये मोठी व्यापारी मासेमारी रुजलीच नाही. अंतर आणि वाहतूकखर्च हे कारण होतेच, पण मिलर आणि केनेडी या संशोधकांनी १९४८ मध्येच इथल्या लेक ट्राउटची वाढ किती संथ आहे हे मांडून ठेवले होते.

तरीही लॉजच्या आसपासच्या खाड्यांत गळानेही मोठे मासे कमी होऊ शकतात, हे हळूहळू ध्यानात आले. सरोवर अफाट असले तरी होडी दिवसभरात जाऊन परत येईल एवढाच पट्टा वापरला जातो. शिवाय हौशी माणसाला लहान मासा नको असतो, त्याला सर्वांत मोठाच हवा. म्हणजे ज्या माद्या सर्वाधिक अंडी घालतात त्याच नेमक्या निघून जातात. दोन-तीन पिढ्या अंडी घालत आलेली मादी एका दुपारी भिंतीवर गेली, तर तिच्या जागी तशी दुसरी यायला चाळीस वर्षे लागतात. माणसाची जवळजवळ सगळी उमेदीची वर्षे सरल्याशिवाय ही चूक दुरुस्त होत नाही.

सोडून देण्याचे शास्त्र

यातून पुढे आला तो ‘पकडा आणि सोडा’चा रिवाज. आज उत्तरेच्या बहुतेक लॉजमध्ये मोठा मासा परत पाण्यात जातोच. दुपारच्या जेवणाला काठावर तळून खायला वाटाड्या दीड-दोन किलोचा लहान मासा ठेवतो. त्यालाही एक कारण आहे: पारा. पाण्यातला पारा अन्नसाखळीतून वर चढत जातो आणि माशाच्या मांसात वर्षानुवर्षे साठतो. म्हातारा मासा खाणे म्हणजे त्याच्या सगळ्या वर्षांचा पारा खाणे. इथेही वयाचाच हिशेब आला.

नुसते सोडणे म्हणजे वाचवणे नव्हे. झुंज देताना माशाच्या स्नायूंत दमणुकीचे आम्ल साठते आणि प्राणवायूची गरज वाढते. अशा वेळी त्याला फोटोसाठी हवेत उचलून धरले, तर कल्ल्यांतले नाजूक पदर एकमेकांना चिकटतात आणि श्वास बंद पडतो. फर्ग्युसन आणि टफ्ट्स यांनी १९९२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात पुरते दमवलेले रेनबो ट्राउट घेतले होते. जे हवेत काढलेच नाहीत, त्यांतले १२ टक्के पुढच्या बारा तासांत मेले. तीस सेकंद हवेत ठेवलेल्यांतले ३८ टक्के, आणि साठ सेकंद ठेवलेल्यांतले ७२ टक्के. हा प्रयोगशाळेतला कडक प्रयोग होता, सरोवरात प्रमाण कमी असते. पण बाण कुठल्या दिशेने जातो ते स्पष्ट आहे.

म्हणून चांगला वाटाड्या गळाच्या टोकाशी असलेला उलटा काटा पक्कडीने आधीच दाबून टाकतो, म्हणजे गळ चटकन सुटतो. जाळी रबरी असते, कारण दोऱ्याच्या गाठी माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर खरवडतात आणि तिथून बुरशी शिरते. मासा होडीच्या कडेला पाण्यातच ठेवून मोजतात. वजनासाठी त्याला टांगायचीही गरज नसते. लांबी आणि पोटाचा घेर इंचांत मोजायचा, घेराच्या वर्गाला लांबीने गुणायचे आणि ८०० ने भागायचे, की पौंडांत अंदाज मिळतो. चाळीस इंच लांब आणि सव्वीस इंच घेराचा मासा असा चौतीस पौंडांच्या आसपास भरतो. भिंतीवर ठेवायला फायबरग्लासची प्रतिकृती याच मापांवरून बनते. इंटरनॅशनल गेम फिश असोसिएशननेही २०११ पासून जिवंत सोडलेल्या माशांच्या लांबीचे वेगळे विक्रम नोंदवायला सुरुवात केली.

लेक ट्राउटच्या शरीरात एक सोयही आहे. खोल पाण्यातून वर येताना दाब कमी होतो आणि माशाच्या पोटातली हवेची पिशवी फुगते. अनेक जातींत ती फुगलेलीच राहते आणि सोडलेला मासा पृष्ठभागावर उलटा तरंगून मरतो. लेक ट्राउटमध्ये ही पिशवी आणि अन्ननलिका यांना जोडणारी एक नळी असते. तो तोंडावाटे हवा सोडून देऊ शकतो, आणि पुन्हा खोलात जाऊ शकतो. थंड पाण्यात विरघळलेला प्राणवायूही जास्त असतो, त्यामुळे दमलेला मासा सावरतो. ग्रेट बेअरमध्ये सोडून देण्याचा रिवाज टिकला त्यात माणसाच्या शहाणपणाइतकाच वाटा या नळीचा आणि या पाण्याचा आहे.

खेळ की अनादर?

पण खुद्द तिथल्या लोकांपैकी अनेकांना हा रिवाज पटत नाही. उत्तरेकडच्या अनेक आदिवासी समाजांत अशी धारणा आहे, की मासा माणसाला स्वतःला देऊ करतो. तो घ्यावा, खावा, वाटावा. पोट भरलेले असताना त्याला गळाला लावून दमवायचे आणि सोडून द्यायचे, हा त्यांच्या मते माशाशी मांडलेला खेळ आहे. असा अनादर झाला तर मासे पुढे येणार नाहीत. युरोपातही वेगळ्या वाटेने काहीजण याच निष्कर्षाला आले. ब्रिटनमध्ये लिन स्नेडन आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये ट्राउटच्या डोक्यावर इजा ओळखणारे मज्जातंतू असल्याचे दाखवले. त्याला वेदना म्हणावे का, यावर शास्त्रज्ञांचे अजून एकमत नाही. स्वित्झर्लंडने मात्र २००८ च्या प्राणीकल्याण नियमांत, सोडण्याच्याच इराद्याने मासे धरायला मनाई केली.

साहतू देने लोकांची सरोवराबद्दलची एक कथाही गळापासूनच सुरू होते. केये दाओये नावाच्या पुरुषाने सरोवरात लावलेल्या गळांपैकी एक हरवला. त्या काळी गळ फार दुर्मीळ, म्हणून त्याला चैन पडेना. रात्री तो स्वप्नात आपला गळ नेणाऱ्या माशाच्या शोधात खोल पाण्यात उतरला, आणि तळाशी त्याला सरोवराचे धडधडते हृदय दिसले. सरोवराला आणि भोवतालच्या भूमीला जीव देणारे हेच हृदय, अशी श्रद्धा आहे. या हृदयाचे नाव २००५ च्या सरोवर व्यवस्थापन आराखड्यालाही दिले गेले. पुढे २०१६ मध्ये युनेस्कोने हा परिसर त्सा तुए या नावाने जीवावरण क्षेत्र म्हणून मान्य केला, आणि त्याच वर्षी देलिनेचे स्वतःचे स्वशासन सुरू झाले. पाहुण्यांनी या पाण्यात कसे वागावे हे ठरवताना आता गावाचा शब्द डावलता येत नाही.

दोन्ही बाजू ऐकल्यावर वाटते, की वाद मासा सोडावा की ठेवावा एवढाच नाही. एक साधे गणित करून पाहू. समजा एक पाहुणा रोज एकच मासा ठेवतो आणि मग गळ गुंडाळतो. दुसरा दिवसाला तीस मासे पकडतो आणि सगळे सोडतो. सोडलेल्यांपैकी फक्त पाच टक्के नंतर मेले असे धरले, तरी दुसऱ्याच्या खात्यावर रोज दीड मासा पडतो. निसर्गप्रेमी म्हणून मिरवणारा दुसरा माणूस पहिल्यापेक्षा जास्त मारतो, फक्त त्याला ते दिसत नाही, कारण मासा मरतो तो होडी निघून गेल्यावर, तळाशी. लॉजमधल्या खाटा दुप्पट झाल्या तर हा अदृश्य आकडाही दुप्पट होतो, आणि ‘आम्ही एकही मासा ठेवत नाही’ ही पाटी मात्र तशीच राहते.

म्हणून ठेवण्याची मर्यादा पुरेशी नाही. पकडण्याची, पाहुण्यांची आणि होड्यांची मर्यादाही हवी. जे सरोवर पन्नास वर्षांत एक मासा घडवते, त्याच्या खतावणीत सोडलेला मासाही खर्चाच्या बाजूला लिहावा लागतो.